एका सामन्याचा हंगाम

मी गणित शिकवते. फुटबॉलशी माझा संबंध आला तो एका परिपत्रकामुळे. मुलींच्या संघासोबत एक शिक्षिका असलीच पाहिजे, आणि आमच्या शाळेत जुलै महिन्यात ज्यांच्या पाठीमागे निवडणुकीचं किंवा सर्वेक्षणाचं काम नव्हतं अशी मी एकटीच सापडले. क्रीडाशिक्षक सर म्हणाले, "मॅडम, फक्त बसायचंय. दोन दिवसांचा प्रश्न आहे." दोन दिवस लागलेच नाहीत. सकाळी सहाला तळेगाव स्टेशनवरून निघालो आणि पाचव्या तासाला मी परत आठवी 'ब'च्या वर्गात उभी होते.

स्पर्धा सुब्रतो मुखर्जी चषकाची, जिल्हास्तर, सतरा वर्षांखालील मुली. शिक्षक वाचकांना ही स्पर्धा माहीत असेलच, पालकांसाठी थोडं सांगते. एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी हे भारतीय हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख. १९६० साली त्यांच्या कल्पनेतून शाळांसाठी ही देशपातळीवरची फुटबॉल स्पर्धा सुरू झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात टोकियोत त्यांचं निधन झालं. तेव्हापासून हवाई दल ही स्पर्धा चालवतं. मुलींचा गट आला २०१२ मध्ये, म्हणजे बावन्न वर्षांनी. (यावर वेगळा लेख होईल, आज नको.) जिल्हा, विभाग, राज्य असं करत जिंकत गेलेली शाळा शेवटी राष्ट्रीय फेरीत पोचते. तळेगावातल्या कुठल्याही शाळेतल्या मुलीला, तिच्या शाळेच्या नावाच्या जर्सीत, देशपातळीवरच्या चषकाची वाट या एका दारातून जाते. म्हणून हा विषय मला छोटा वाटत नाही.

आता आमचा हंगाम सांगते.

शाळा उघडली जूनच्या मध्यावर. पहिला आठवडा पुस्तकं, गणवेश, पावत्या. मग सरांनी संघ निवडला आणि सरावाला मिळाले जेमतेम सोळा-सतरा दिवस, त्यातले निम्मे पावसाचे. मावळातला जुलैचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. मैदानाच्या एका कोपऱ्यात तळं, दुसऱ्या कोपऱ्यात चिखल, मध्ये थोडं हिरवं. मुली तिथे पासिंग करायच्या. नववीतल्या एका मुलीचे वडील चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामाला आहेत. त्यांनी दोन रविवार ओव्हरटाइम करून तिला खिळ्यांचे बूट आणले. ती बूट पिशवीतून आणायची, मैदानाच्या कडेला घालायची, सराव झाला की नळाखाली धुऊन परत पिशवीत. सामन्याच्या दिवसापर्यंत त्यांचा नवेपणा गेला नव्हता.

सामना वीस-वीस मिनिटांचा. पहिला अर्धा भाग शून्य-शून्य. दुसऱ्या भागात एक कॉर्नर, चेंडू चिखलात थबकला, गर्दीत कुणाचा तरी पाय लागला आणि गोल. आमच्या गोलकीपरला तो दिसलाही नसावा. शिट्टी वाजली. एक-शून्य. नऊ चाळीस झाले होते. मुलींनी तिथेच कठड्यावर बसून डबे खाल्ले, कुणी फार बोललं नाही, आणि आम्ही गाडीत बसलो.

सोळा मुली नेल्या होत्या. त्यातल्या तिघींनी मैदानात पाऊलच ठेवलं नाही. बुटांची पिशवी घेऊन आलेली ती नववीतली मुलगी त्या तिघींपैकी एक. सरांना दोष देत नाही. शून्य-शून्य असताना, एक चूक म्हणजे घर, अशा वेळी कोण बदली खेळाडू उतरवणार? मीही उतरवली नसती.

शाळेच्या फाटकाशी तिची आई भेटली, धाकट्याला न्यायला आलेली. "एवढ्या लवकर आलात मॅडम?" मी म्हटलं, "हो, झाला सामना." त्यांनी पुढचा सामना कधी असं विचारलं. मी म्हटलं, पुढच्या वर्षी.

हे 'पुढच्या वर्षी' तोंडातून निघालं आणि माझं मलाच चमत्कारिक वाटलं. चाचणीत एक मुलगी नापास झाली तर आपण तिला पुढच्या चाचणीपर्यंत शिकवतो. इथे पहिल्याच चाचणीत वर्षाचं प्रगतिपुस्तक बंद.

दुसऱ्या दिवशी आठवीला मी हा विषय फळ्यावर घेतला. शारीरिक शिक्षणाच्या तासाला मुलं 'बाद पद्धत' आणि 'साखळी पद्धत' शिकतात, 'भाग्यपत्रिका' काढायला शिकतात, पण ते पाठ करून सोडून देतात. गणिताच्या तासाला ते फार छान उलगडतं. ज्यांना वर्गात करून बघायचं असेल त्यांनी जरूर करा.

आमच्या गटात एकोणीस शाळा होत्या. बाद पद्धतीत एकूण सामने किती? मुलं आकृत्या काढायला लागतात. थोडं थांबू द्या. मग विचारा, प्रत्येक सामन्यात किती संघ बाद होतात? एक. शेवटी किती उरायला हवेत? एक. मग एकोणीसपैकी अठरा बाद करायचे तर सामने अठरा. आकृती लागतच नाही. ज्या मुलाला हे पहिल्यांदा सुचतं त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. संघ 'न' असतील तर सामने 'न वजा एक'.

पुढचा प्रश्न 'पुढे चाल' चा. एकोणीसच्या पुढची दोनची घात संख्या बत्तीस. बत्तीस वजा एकोणीस, तेरा. म्हणजे तेरा शाळांना पहिल्या फेरीत न खेळताच पुढे चाल, आणि उरलेल्या सहा शाळांचे तीन सामने. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा आम्ही त्या सहांत आलो. तेरा संघ अजून पिशव्यांतून बूट काढायचे होते तेव्हा आम्ही परतीच्या गाडीत होतो. यात अन्याय कुणी केला नाही, चिठ्ठीने केला. पण चिठ्ठीही कुणीतरी ठरवलेल्या पद्धतीतच टाकली जाते.

तिसरा प्रश्न मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. एका संघाला सरासरी किती सामने मिळाले? अठरा सामने, प्रत्येकात दोन संघ, म्हणजे छत्तीस. भागिले एकोणीस. दोनपेक्षा कमी. आता संख्या बदलून बघा. आठ संघ, सोळा, चौसष्ट, हजार घ्या. सरासरी कधीच दोनपर्यंत पोचत नाही. बाद पद्धतीचा हा स्वभावच आहे. आणि सरासरीतही फसवणूक असते, कारण विजेता चार-पाच सामने खेळून सरासरी वर ओढतो. एकोणीस शाळांत फक्त एकच सामना खेळून घरी गेलेल्या शाळा किमान आठ, जास्तीत जास्त अकरा. ही संख्या कशी आली ते मुलांना घरी सोडवायला द्या. माझ्या वर्गात चौघांनी बरोबर आणलं.

एका मुलाने हात वर करून विचारलं, "बाई, पण मग सगळ्यात चांगला संघ तरी जिंकतो ना?" हाही हिशेब केला. समजा एक संघ इतका चांगला आहे की कुणाशीही खेळला तरी दहापैकी सहा वेळा जिंकेल. सलग चार सामने जिंकण्याची शक्यता ०.६ चा चौथा घात, ०.१२९६. म्हणजे शंभरात तेरा. चांगला संघ शंभरपैकी सत्याऐंशी वेळा चषकाशिवाय घरी जाणार. वर्ग गप्प झाला. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे आपलाही नंबर लागू शकतो!" वर्ग हसला, मीही हसले. बाद पद्धतीचं सगळं वेड याच वाक्यात आहे.

ते वेड मला कळतं. माझे वडील कोल्हापूरचे, पेठेतले. आमच्या घरी फुटबॉल म्हणजे सणासारखा होता. १९११ साली मोहन बागानच्या अकरा जणांनी, त्यातले दहा अनवाणी, आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असं हरवलं, ही गोष्ट मी शिवाजी महाराजांच्या गोष्टींबरोबर ऐकलेली आहे. तीही बादच स्पर्धा होती. मुंबईत १८९१ साली सुरू झालेला रोव्हर्स चषक गोऱ्या पलटणी आपसांत वाटून घेत होत्या. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स तिथे जिंकला, पहिला भारतीय विजेता. १८८८ पासूनचा ड्युरँड चषक मोहमेडन स्पोर्टिंगने १९४० मध्ये घेतला, तोही भारतीय संघासाठी पहिल्यांदा. लीगमध्ये महिनोन् महिने खेळून जो हिशेब चुकता होत नाही तो एका दुपारी होतो. दुबळ्याला बलवानाशी एकदाच भिडायचं असेल तर बाद सामना हाच त्याचा मित्र. हे सगळं खरं आहे, आणि मी ते नाकारत नाही.

पण आता मोठ्यांच्या स्पर्धांकडे नीट बघा. त्यांनी स्वतःसाठी काय करून ठेवलंय?

२०२५ चा ड्युरँड चषक घ्या. चोवीस संघ. शुद्ध बाद पद्धत असती तर तेवीस सामन्यांत आटोपला असता. तसं केलं नाही. चार-चार संघांचे सहा गट, गटात साखळी, म्हणजे छत्तीस सामने. मग सहा गटविजेते आणि दोन सर्वोत्तम उपविजेते अशा आठांची बाद फेरी, आणखी सात. एकूण त्रेचाळीस. या स्पर्धेत डायमंड हार्बर नावाचा पश्चिम बंगालचा एक नवखा संघ पहिल्यांदाच उतरला होता. क्लबची स्थापनाच २०२२ ची. गटात त्यांनी मोहमेडन स्पोर्टिंगला हरवलं, सीमा सुरक्षा दलावर आठ गोल चढवले आणि मोहन बागानकडून ५-१ असा सपाटून मार खाल्ला. बाद पद्धत असती तर गोष्ट इथे संपली असती. गट होता म्हणून ते सर्वोत्तम उपविजेते ठरून पुढे गेले. उपांत्यपूर्व फेरीत जमशेदपूरला हरवलं, उपांत्य फेरीत ईस्ट बंगालसारख्या संघाला. अंतिम सामन्यात नॉर्थईस्ट युनायटेडने त्यांना ६-१ असं धुतलं ते वेगळं. पण ५-१ हरलेला संघ अंतिम फेरीत पोचला. पाच गोल खाल्ल्यावर त्या पोरांना पुन्हा बूट बांधायला मिळाले, म्हणून हे घडलं.

ही झाली व्यावसायिक, पगारी, पंचविशीतली माणसं. त्यांना हरण्याची सोय आहे.

आणि सुब्रतो चषकाची राष्ट्रीय फेरी? तिथेही संघांचे गट पाडतात, गटात साखळी खेळवतात आणि मग उपांत्यपूर्व फेरीपासून बाद. २०२५ मध्ये मुलांच्या सतरा वर्षांखालील गटात कोझिकोडची फारूक उच्च माध्यमिक शाळा जिंकली, केरळसाठी हा पहिलाच चषक. फुटबॉलवेड्या केरळला त्यासाठी १९६० पासून वाट बघावी लागली, हे ऐकून आमच्या शाळेतल्या एका मल्याळी पालकांना आधी खरं वाटेना. ते म्हणाले, "मॅडम, आम्ही तर गावात रोज खेळायचो!" रोज खेळणं आणि चषक जिंकणं यातलं अंतर तेच.

माझा मुद्दा असा की, देशातल्या सर्वोत्तम शाळा जिथे येतात तिथे प्रत्येक संघाला एकाहून अधिक सामन्यांची हमी आहे. आणि जिथे मुलं पहिल्यांदाच गुडघ्यापर्यंत मोजे ओढून उभी राहतात, ज्यांना शिकण्यासाठी सामन्यांची सगळ्यात जास्त गरज आहे, तिथे एक चूक की घर. ही उतरंड उलटी आहे. पहिलीच्या मुलाला एकदाच 'अ' काढायला लावून चुकला तर शाळेतून नाव काढायचं, आणि पीएचडीवाल्याला तीन संधी द्यायच्या, असं कुणी केलं तर आपण काय म्हणू?

आयोजकांची बाजूही लिहिली पाहिजे, कारण मी त्या दिवशी ती डोळ्यांनी पाहिली. मैदान एक. पंच म्हणजे इतर शाळांचेच क्रीडाशिक्षक, शिट्टी गळ्यात घालून सकाळपासून पावसात. तीन वयोगट तीन-चार दिवसांत संपवायचे, कारण पुढच्या आठवड्यात दुसरा खेळ आहे आणि विभागाला विजेत्याचं नाव कळवायची तारीख ठरलेली आहे. त्यात दोन शाळा आल्याच नाहीत, तर एकीची जन्मतारखेची कागदपत्रं अपुरी. टेबलावरच्या सरांनी दुपारपर्यंत चहाही घेतला नव्हता. त्यांना जाऊन "साखळी पद्धत का नाही?" असं विचारायचा धीर मला झाला नाही. बाद पद्धत ही कुणाची दुष्टबुद्धी नाही, ती दमलेल्या व्यवस्थेची काटकसर आहे.

पण या काटकसरीची किंमत कोण भरतं ते बघायला हवं. एकच सामना आहे म्हटलं की संघ निवडताना सर धिप्पाड मुलं घेतात. बुटकी पण चेंडू पायाला चिकटवून नेणारी सातवीतली पोरगी बाहेर बसते. एकच सामना आहे म्हटलं की बचावातून पास देत वर यायला कुणी शिकवत नाही, बाहेरून ओरडा एकच, "लांब मार!" आणि एकच सामना आहे म्हटलं की वयाची गडबड सुरू होते. हे आपण सगळे जाणतो, फक्त लिहीत नाही. दोन वर्षांपूर्वी एका शाळेच्या संघात मिशी फुटलेला 'पंधरा वर्षांचा' गोलकीपर मी स्वतः पाहिलाय. राष्ट्रीय फेरीत वैद्यकीय चाचणीत वय जास्त निघाल्याने संघच्या संघ बाद झाल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. ती मुलं खोटी नसतात, त्यांच्या मागची मोठी माणसं खोटी असतात. आणि या मोठ्या माणसांना खोटं बोलायला भाग पाडणारी एक गोष्ट म्हणजे, हरलो तर वर्षभर दुसरी संधी नाही.

पालकांबद्दलही एक वाक्य लिहिते, रागावू नका. दहावीच्या सवलतीच्या गुणांची चौकशी करायला जेवढे पालक येतात त्याच्या एक दशांशही सराव बघायला येत नाहीत. प्रमाणपत्र मिळेल का, कोणत्या स्तराला किती गुण, एवढंच. मुलगी मैदानात उतरली का, हे त्या आईने विचारलं म्हणून मला ती लक्षात राहिली. तिने ते फाटकाशी विचारलं नाही, दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं. मी खरं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "बूट मोठे होणार नाहीत ना पुढच्या वर्षीपर्यंत? म्हणजे लहान होणार नाहीत ना?"

तर उपाय काय. मोठी मागणी करण्यात अर्थ नाही, कारण मोठ्या गोष्टी आपल्या भागात कशा येतात आणि जातात ते आपण पाहिलंय. पुणे एफसीची अकादमी इथून जवळ मामुर्डीला होती, क्लब २०१५ मध्ये बंद झाला. डीएसके शिवाजियन्स आला आणि गेला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला गेला आणि त्याच्या जागी हैदराबादचा संघ उभा राहिला. मुंबईचा महिंद्रा युनायटेड तर २००३ आणि २००५ असे दोन फेडरेशन चषक जिंकलेला, राष्ट्रीय लीगही जिंकलेला. २०१० मध्ये कंपनीने तो संघ बंद केला आणि शाळांच्या फुटबॉलकडे वळायचं ठरवलं. तेव्हा पुष्कळ लोक हळहळले. मला मात्र त्या निर्णयातला अर्धा भाग पटतो. शाळेत सामने नसतील तर वरचा क्लब किती दिवस उसना खेळाडू आणणार? संघ बंद करायची गरज नव्हती हा उरलेला अर्धा भाग.

२०१७ ही आठवत असेल. सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात आला, काही सामने नवी मुंबईत. त्याआधी १५ सप्टेंबरला सगळ्या महाराष्ट्राने एकाच दिवशी फुटबॉल खेळायचं असं ठरलं. आमच्याही मैदानावर अख्खी शाळा उतरली, साडी खोचून शिक्षिकासुद्धा. मजा आली. फोटो पाठवले. सोळा तारखेला चेंडू कपाटात. त्याच विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला, याचा आम्हाला केवढा अभिमान! पण कोल्हापुरातून खेळाडू निघतात ते एका दिवसाच्या उत्सवातून नव्हे. तिथे शाहू स्टेडियमवर केएसएची लीग चालते. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, दिलबहार, खंडोबा हे संघ साखळीत एकमेकांशी भिडतात आणि त्याशिवाय निरनिराळे चषक बाद पद्धतीने होतात. चषकात पहिल्याच दिवशी हरलं तरी लीग असते. पेठेतल्या पोराला वर्षात एकच सामना ही कल्पनाच करवणार नाही.

म्हणून माझं म्हणणं दोन भागांत. पहिलं जिल्ह्याच्या स्पर्धेबद्दल. साखळी शक्य नसेल तर निदान 'सांत्वन फेरी' घ्या. आपल्याच शारीरिक शिक्षणाच्या पुस्तकांत ती आहे, परीक्षेत आपण त्यावर प्रश्नही विचारतो. सोळा संघ असतील तर पहिल्या फेरीत हरलेल्या आठांची वेगळी छोटी स्पर्धा. सात सामने जास्त, पंधराऐवजी बावीस. सात सामने म्हणजे सहा तास. मैदान अर्धं-अर्धं करून सात-सात जणींचे खेळवले तर तीन तास. एवढ्यात प्रत्येक शाळेला किमान दोन सामने मिळतात आणि दुसऱ्या सामन्यात, जिथे गमवायला काही नाही, तिथे सर त्या तिघींना उतरवतील. नाव 'सांत्वन' आवडत नसेल तर बदला, मलाही ते आवडत नाही. कुणीतरी रडतंय आणि आपण डोक्यावरून हात फिरवतोय असं वाटतं.

दुसरं आपल्या हातातलं आहे, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. पंधरा सामन्यांत सोळा शाळांची बाद स्पर्धा होते, ज्यात आठ शाळा एकदाच खेळतात. त्याच पंधरा सामन्यांत सहा शाळांची पूर्ण साखळी होते, ज्यात प्रत्येक शाळा पाच सामने खेळते. (सहा गुणिले पाच, भागिले दोन. हेही फळ्यावर घ्या.) कष्ट तेवढेच, शिट्ट्या तेवढ्याच. दिवाळीनंतर पाऊस नाही, मैदानं कोरडी, ऊन सुसह्य. शनिवारी सकाळची शाळा सुटली की दोन तास. एका शनिवारी तीन सामने, पाच शनिवारांत साखळी पूर्ण. तळेगाव गाव आणि स्टेशन, सोमाटणे, इंदोरी, वडगाव इथल्या शाळा एकमेकींपासून रिक्षाच्या अंतरावर आहेत. चषक नको, प्रमाणपत्र नको, प्रमुख पाहुणे तर नकोतच.

खर्चाचं विचारलं जाईल. आपण ज्या गावात राहतो तिथे १९०८ मध्ये पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना, माणशी एक पैसा. त्या मानाने आपल्याला लागतात दोन चेंडू, चुन्याची एक पिशवी, बर्फ आणि एक प्रथमोपचार पेटी. आपल्या परिसरात आसाम-मणिपूरकडून, केरळातून, बंगालमधून, कोल्हापुरातून आलेले कितीतरी पालक आहेत. कारखान्यात तीन पाळ्यांत काम करणारी, एकेकाळी मैदान गाजवलेली माणसं. त्यांना शिट्टी द्या. पहिली पाळी सुटल्यावर थेट मैदानावर येतील, असं तिघांनी मला आत्ताच कळवलंय. मात्र नियमाचं पुस्तक आधी वाचायला लावा, कारण प्रत्येक जण आपापल्या गावचा ऑफसाइड घेऊन आलेला असतो.

एक नियम मात्र मी सुचवणार आहे आणि त्यावर अडून बसणार आहे. संघातल्या प्रत्येक मुलीने प्रत्येक सामन्यात निदान दहा मिनिटं खेळलंच पाहिजे. कुणी बसून राहिलं तर गुण नाहीत. आमचे सर म्हणतात यामुळे खेळाचा दर्जा घसरेल. घसरू दे की! पहिले दोन शनिवार घसरेल. पाचव्या शनिवारी बघू.

मी नोव्हेंबरच्या पाच शनिवारांचा तक्ता करून ठेवलाय. पहिल्या शनिवारी आमचं मैदान, कोपऱ्यातलं तळं तोवर आटलेलं असेल. आतापर्यंत चार शाळांचा होकार आलाय, आमची धरून पाच. पाच शाळांत दहाच सामने होतात आणि दर शनिवारी एका शाळेला पुढे चाल द्यावी लागते, जे मला मुळीच करायचं नाही. सहावी शाळा हवी आहे. मुलींचा संघ नसला तरी चालेल, सात जणी जमल्या तरी पुरे. बूट नसले तरीही चालेल. आमच्याकडे एकीचे अजून कोरे आहेत आणि परवा तिने ते घालून पाहिले, अंगठ्यापाशी थोडे लागतात म्हणाली, पण नोव्हेंबरपर्यंत निभतील.

सहाव्या शाळेने दसऱ्याच्या आत कळवावं. तक्ता मला फळ्यावर उतरवायचा आहे.